आमच्या फुटबॉलच्या सरांची स्मृती कशी जपावी?

डावी_विंग

नमस्कार. आमच्या शाळेचे फुटबॉलचे सर गेल्या महिन्यात वयाच्या ७४व्या वर्षी गेले. त्यांचे आणि शाळेचे नाव इथे लिहीत नाही, कारण काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, मी अजून तसे विचारलेले नाही. १९८७ ते २००९ या काळात नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला पहाटे पावणेसहाच्या सुमारास एम-८० गाडीला जाळीत बांधलेले बॉल लावून जाणारा उंच माणूस ज्यांनी पाहिला असेल, ते ओळखतील.

रामकुंडावर दशक्रिया विधीला आम्ही साठेक माजी विद्यार्थी जमलो होतो. तिथेच सरांसाठी काहीतरी कायमचे करावे असे ठरले, आणि तीन आठवड्यांत २ लाख ३५ हजार रुपये जमाही झाले. नेमके काय करावे यावर मात्र एकमत होत नाही. काहींना दर वर्षी सरांच्या नावाने आंतरशालेय स्पर्धा हवी आहे, काहींना शाळेच्या फाटकाशी अर्धपुतळा हवा आहे, तर काहींना वाटते की दहावीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला सरांच्या नावाने पारितोषिक द्यावे. हा शेवटचा प्रस्ताव मला मुळीच पटत नाही, कारण पहिल्या येणाऱ्या मुलांची काळजी घ्यायला शाळेत पुष्कळ जण असतात, आणि सरांचा जीव नेहमी यादीत शेवटी असणाऱ्यांत अडकलेला असे.

सर कसे होते हे थोडे सांगितले तरच तुम्हाला सल्ला देता येईल. नाशिक हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि हजारो माणसे सामना बघायला लोटतात, तसे इथे कधी नव्हते. आपल्याकडे कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट, आणि कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून धावण्याला मोठा मान. अशा गावात सरांनी बावीस वर्षे पहाटे स्वतःच्या हाताने फक्की मारून मैदान आखले. सुब्रोतो चषकासाठी १९६०पासून दिल्लीला देशभरातले शाळकरी संघ जमतात. तिथे आपला संघ न्यावा असे त्यांचे स्वप्न होते, पण आम्ही विभागाच्या पुढे एकदाच गेलो आणि दिल्ली आम्हाला कधीच दिसली नाही. मिळालेल्या चषकांवरून सरांची किंमत करायची ठरवली, तर शाळेच्या कपाटातला एक खणही भरणार नाही.

जुलैच्या पावसात मैदानाचा चिखल झाला की सर आम्हाला व्हरांड्यात बसवून सय्यद अब्दुल रहीम यांच्या गोष्टी सांगत. रहीम साहेब भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशी दोनदा आशियाई स्पर्धेची सुवर्णपदके जिंकली आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान मिळवले. १९६२ला जकार्तामध्ये थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा रहीम साहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला खेळवले, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला तेव्हा त्यातला एक गोल जर्नेलचा होता. रहीम साहेबांना त्या वेळी कर्करोग झालेला होता आणि पुढच्याच वर्षी ते गेले. सर इथवर आले की थांबत, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, आणि मग म्हणत, “मास्तर होता तो. हे विसरू नका.”

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. मागच्या रविवारी काकूंनी मला बोलावून घेतले आणि माळ्यावरची एक लोखंडी ट्रंक खाली काढायला सांगितली. ट्रंकेत स्टडचे, म्हणजे फुटबॉलच्या बुटांचे, २३ जोड होते. प्रत्येक जोड तेल लावून पुसलेला, आकार बिघडू नये म्हणून पुढच्या भागात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, आणि जिभेच्या आत शाईने माप लिहिलेले. पाय वाढला की बूट परत करायचा आणि मोठा न्यायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. निवृत्तीनंतर १६ वर्षे सर ते बूट दर दिवाळीला काढून तेल लावून ठेवत होते, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. बुटांच्या खाली एक लांबट हिशेबाची वही होती. पानावर उभ्या रेघा मारून नाव, इयत्ता, बुटाचे माप असे रकाने केले होते, आणि शेवटच्या रकान्यावर लिहिले होते ‘न्याहारी’. त्या रकान्यात काही नावांपुढे बरोबरची खूण होती आणि काहींपुढे शून्य.

माझे नाव १९९३च्या पानावर सापडले. माप ५. न्याहारी शून्य. माझे वडील सातपूरला कारखान्यात होते आणि तेव्हा कारखाना सात महिने बंद होता. घरी सकाळी चहाशिवाय काही नसे, पण हे मी कधी कोणाला बोलून दाखवले नव्हते. सराव संपला की सर रोज चार-पाच मुलांना बॉल मोजायला थांबवत. बॉल अकराच होते, ते मोजायला पाच मुले कशाला लागतात असा प्रश्न तेव्हा पडला नाही. मोजून झाले की सर डबा उघडत आणि म्हणत, “काकूंनी जास्त दिलंय, संपवा रे, नाहीतर मला बोलणी बसतील.” पोळी आणि शेंगदाण्याची चटणी, कधी गूळ-तूप. १९९३च्या पानावर पाच शून्ये आहेत. बॉल मोजायला थांबणारे आम्ही पाच जण तेच.

हे वाचल्यापासून मला स्पर्धा, पुतळा, पारितोषिक यांतले काहीच पुरेसे वाटेनासे झाले आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

शिट्टीवाला

आपल्या सरांना माझी आदरांजली. मी स्वतः २७ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून स्पर्धेविषयी अनुभवाने बोलतो.

स्मृती-स्पर्धा पहिल्या वर्षी थाटात होते, दुसऱ्या वर्षी वर्गणी निम्म्यावर येते आणि तिसऱ्या वर्षी दोन-तीन जणांच्या खिशातून कशीबशी उरकते. आठ संघांची तीन दिवसांची स्पर्धा म्हटले तरी मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, मांडव आणि चषक असे सगळे धरून आपल्या निधीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी खर्च होईल. याहून वाईट अनुभवही मी घेतला आहे. माझ्या एका सहकारी मित्राच्या नावाने आम्ही स्पर्धा सुरू केली होती. चौथ्या वर्षी एका प्रायोजकाच्या आग्रहाने फलकावर पाहुण्यांचे चेहरे आले आणि मित्राचे नाव खालच्या कोपऱ्यात गेले. पाचव्या वर्षी त्याची मुलगी बक्षीस समारंभाला आली नाही, आणि तिला ‘का आली नाहीस’ असे विचारण्याचे धाडस आमच्यातल्या कोणालाही झाले नाही.

शिवाय मुलांना स्पर्धांची वाण नाही. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तिन्ही गटांत महानगरपालिका किंवा तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतातच. वाण आहे ती रोज पहाटे मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसाची. बऱ्याच शाळांत क्रीडा शिक्षकाची जागा भरली गेलेली नाही, आणि जिथे ती भरली आहे तिथे त्या शिक्षकाच्या गळ्यात इतर तास आणि कागदपत्रे पडतात. म्हणून मी सुचवेन की तुमच्यातल्या एक-दोन तरुण माजी खेळाडूंना या पैशातून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम करायला पाठवावे. डी, सी, बी, ए असे ते परवाने चढत जातात, आणि लहान मुलांना शिकवायला डी पुरेसा असतो. हे मार्गदर्शक आठवड्यातून तीन सकाळी जरी शाळेच्या मैदानावर उभे राहिले, तरी सरांचे काम पुढे चालू राहील.

त्या वहीतल्या शेवटच्या रकान्याविषयी एक सांगतो. उपाशीपोटी धावणारे मूल दहाव्या-बाराव्या मिनिटाला ओळखू येते. ते थकलेले दिसत नाही; त्याला बॉल उशिरा दिसतो. पास आला तरी पाय उचलायला क्षणभर वेळ लागतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटते की त्याचे लक्ष नाही. आपल्या सरांनी मुलांना न विचारता तो रकाना कसा भरला असेल, हे कोणत्याही क्रीडा शिक्षकाला समजेल. अशा मुलांना लक्ष नाही म्हणून मी माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आहेत, आणि तुमचे लिखाण वाचल्यापासून ती मुले मला आठवत आहेत.

जमाखर्च

भावना समजून घेऊन थोडे कोरडे पण आवश्यक असे लिहितो. सध्या २ लाख ३५ हजार रुपये कोणाच्या खात्यात आहेत? एखाद्या मित्राच्या वैयक्तिक बचत खात्यात असतील तर आधी ते तिथून हलवावेत. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, पण ती रक्कम कायद्याच्या नजरेत त्याची दिसते, आणि उद्या त्याला काही झाले तर ती त्याच्या वारसांच्या हिशेबात अडकते.

स्वतंत्र संस्था काढायची असेल तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंद करावी लागते. त्यानंतर दर वर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ठरावीक मुदतीत बदल अर्ज हे कायमचे पाठीशी लागते. देणगीदारांना आयकरात सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती झाली तरी २,००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत मिळत नाही. एवढ्या रकमेसाठी हा व्याप मी सुचवणार नाही.

त्यापेक्षा शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे हा पैसा कायम निधी म्हणून सोपवावा आणि सोबत लेखी पत्र द्यावे, की मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याज फक्त अमुक कामासाठी वापरायचे. त्या पत्राला संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव जोडून घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण मुख्याध्यापक बदलतात, पदाधिकारीही बदलतात. साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला सुमारे १५ हजार रुपये हाती येतील. साधे स्टड हजाराच्या आत मिळतात. म्हणजे दर वर्षी पाच-सहा जोड, तीन-चार बॉल आणि उरलेल्यात काही महिन्यांचे गूळ-शेंगदाणे, इतके या व्याजात बसते. पुतळा केला तर मुद्दल जाते आणि पुढे देखभालीला पैसे उरत नाहीत.

गोदाकाठची_खेळाडू

मी याच सरांची विद्यार्थिनी आहे. एम-८०चा उल्लेख वाचला आणि पुढचे वाचायला बराच वेळ लागला.

वर सगळीकडे ‘मुले’ असा उल्लेख आहे, म्हणून नम्रपणे आठवण करून देते की १९९८ साली सरांनी मुलींचाही संघ उभा केला होता. आम्ही चौदा जणी होतो. अकरा मुली जमवण्यासाठी सर पंचवटीपासून सिडकोपर्यंत घरोघरी गेले. माझे वडील म्हणाले होते, मुलगी आखूड कपड्यात मैदानावर पळणार नाही. सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते काकूंना सोबत घेऊन आले, आणि काकूंनी माझ्या आईला सांगितले की त्या स्वतः रोज पहाटे मैदानाच्या कडेला बसतील. त्या खरोखर दोन हिवाळे बसल्या. नाशिकची जानेवारीतली पहाट काय असते हे आपल्याला माहीत आहे. शाल, कानटोपी आणि हातात विणकाम घेऊन काकू धुक्यात पायरीवर बसलेल्या असत, आणि आम्ही लांब पँट घालून खेळत असू. तेव्हा स्मृती कोणाची जपायची याचा विचार करताना त्यात काकूंनाही धरावे अशी माझी विनंती आहे. डबाही त्याच करत होत्या.

आणखी एक सांगायचे आहे. सामना जिंकला तर सर आम्हाला तिथूनच घरी सोडत, आणि हरला तर मात्र सगळ्यांना मिसळ खायला नेत. एकदा जिल्हा पातळीवर आम्ही ०-६ असा हरलो. सहाही गोल माझ्यावर झाले होते, कारण मी गोलरक्षक होते. मिसळीच्या दुकानात मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. सरांनी माझ्यासमोर पाव सरकवला आणि विचारले, “तुझ्यापर्यंत बॉल किती वेळा आला?” मी म्हणाले, मोजले नाही. ते म्हणाले, “मी मोजलं. एकोणीस वेळा. तेरा तू अडवलेस. आता खा.” मी आज सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीत एखादा रुग्ण हातून गेला की सकाळी घरी जाताना मला तो तेराचा आकडा आठवतो.

पुतळ्याला मात्र माझा अगदीच विरोध नाही. सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर जानेवारी २०१९मध्ये गेले आणि शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक डिसेंबर २०२४मध्ये झाले. तिथून जाणारे एखादे मूल ‘हे कोण?’ असे आईला विचारत असेल, आणि त्या प्रश्नालाही मोल आहे. पण आचरेकर सरांना ओळखणारे लोक देशभर आहेत. आपल्या सरांना ओळखणारे आपण तीन-चारशे जण. म्हणून पुतळ्याच्या आधी त्या वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि वहीतल्या ज्या ज्या माणसांचा पत्ता लागेल त्यांच्याकडून एकेक आठवण लिहून घ्यावी. न्याहारीचा रकाना मात्र कोणालाही दाखवू नये. सरांनी तो इतकी वर्षे झाकून ठेवला. तुम्ही स्वतःचे शून्य सांगितलेत तो तुमचा अधिकार, पण इतरांचे त्यांना सांगायचे तर सांगू दे.

शिट्टीवाला

ताईंचे शेवटचे म्हणणे अत्यंत महत्त्वाचे आहे. माझ्याही ध्यानात ते आले नव्हते.

मास्तरांचा_मुलगा

माझे वडीलही शिक्षक होते, निफाडजवळच्या एका गावात कबड्डी शिकवत. ते गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी खूप मनापासून कार्यक्रम केले, पण आमच्या आईला कोणी काहीच विचारले नाही. तिला व्यासपीठावर बसवून शाल दिली आणि छायाचित्रे काढली. घरी आल्यावर ती म्हणाली, “त्यांना आवडलं असतं का, एवढं तरी विचारायचं होतं.” आपण काही ठरवण्याआधी काकूंकडे दोन-तीन जणांनीच जावे, घाईत जाऊ नये, आणि त्या ‘तुम्ही कराल ते बरोबर’ असे म्हणाल्या तरी तेवढ्यावर उठू नये.

डावी_विंग

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत जे झाले ते कळवतो.

गोदाकाठची ताई, आपले अगदी बरोबर आहे. मुलींच्या संघाचा उल्लेख राहिला ही माझी चूक आहे. वहीत १९९८पासून मुलींची पाने वेगळी आहेत आणि चौदाही नावे तिथे आहेत. न्याहारीचा रकाना झाकूनच आम्ही छायाचित्रे काढली, आणि मूळ वही काकूंकडे परत दिली.

त्यांच्याकडे आम्ही तिघे गेलो होतो. पहिल्यांदा त्या ‘तुम्ही मुलं कराल ते योग्यच’ म्हणाल्या. आम्ही उठलो नाही. चहा झाला, मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले की सकाळी सराव होतो का आता. होत नाही, हे त्यांना माहीत होते. घराच्या गच्चीवरून मैदान दिसते. मग त्या म्हणाल्या की पुतळा नको, सरांना फोटो काढून घेणंसुद्धा आवडायचं नाही, पण बूट तेवढे कोणाच्या तरी पायात जाऊ देत, ट्रंकेत ते कडक व्हायला लागले आहेत.

त्यानुसार रक्कम कायम निधी म्हणून शाळेच्या संस्थेकडे द्यायची ठरली आहे. जमाखर्च साहेबांनी सुचवल्याप्रमाणे पत्राचा मसुदा केला असून व्याज बूट, बॉल आणि सरावानंतरची न्याहारी यांसाठीच वापरायचे असे त्यात लिहिले आहे. न्याहारी सरसकट सगळ्यांना द्यायची, म्हणजे रकान्याची गरज पडणार नाही. डी परवान्याचा खर्च आम्ही पाच जण वेगळा उचलतो आहोत; २००६च्या संघातला एक जण आणि मुलींच्या संघातली एक जण जायला तयार आहे. स्पर्धेचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे, त्यावरून दोन मित्र नाराज आहेत, त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

शाळेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी मैदान वापरायला लेखी परवानगी दिली आहे. काल २३ जोड पुन्हा तपासले. सहा जोडांचे तळवे सुटले आहेत, ते भद्रकालीत दुरुस्तीला टाकले आहेत. तीन आणि चार मापाचे जोड पुरेसे आहेत, पण सहा आणि सात मापाचे मिळून दोनच निघाले. कोणाकडे वापरात नसलेले पडून असतील तर कृपया कळवावे, मी घरी येऊन घेऊन जाईन.